गाडीत किती माणसं?

सिग्नल लाल होता, बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि काचेवर कोणीतरी टकटक करतंय हे भिंगरीच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. लागणारच. गाडी नुकती ताब्यात आली होती, आणि बाईसाहेब मनाने केव्हाच चार डोंगर ओलांडून समुद्रापाशी पोचल्या होत्या.

तिने काच खाली केली. बाहेर एक उंचच उंच तरुण उभा होता. डोक्यावर छत्रीऐवजी प्लायचा तुकडा.

"एक ब्रेड द्या. कापलेला."

"काय?"

"ब्रेड हो. मोठा."

त्याची तरी काय चूक? गाडी कालपर्यंत बेकरीची होती. बाजूला हा एवढा ब्रेड रंगवलेला, आणि आत अजून तो गरम, खमंग वास.

"ब्रेड संपले," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "कायमचे."

"मग आत काय आहे?"

"सध्या... मी."

तो हसला. हसताना प्लाय कलला आणि त्यावरचं सगळं पाणी त्याच्याच मानेवर ओघळलं. "आणि नंतर?"

"नंतर घर! बिछाना, ओटा, पडदे, सगळं. महिनाअखेरीला निघतेय मी. जिथे रस्ता जाईल तिथे. एकटीच."

सिग्नल सुटला. मागून भोंगे सुरू झाले. तो उलट्या पावलांनी मागे सरकत ओरडला, "बिछाना आडवा टाकू नका! रुंदी पुरत नाही! पाय दुमडून झोपाल!" आणि प्लायने कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. फर्निचरचं दुकान होतं ते.

भिंगरी सरळ निघून गेली. मग चौकाला वळसा घालून सरळ परत आली.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून आत्याने ठेवलेलं, आणि तेच चिकटलं. आत्याकडेच राहायची ती. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात दिवसभर चेनी बसवायची, बाह्या कमी करायची, आणि खिडकीतून जाणाऱ्या गाड्या बघत बसायची. आता तिचा बेत पक्का होता. शिलाईचं मशीन गाडीत टाकायचं आणि निघायचं. गाडी थांबेल तिथे शिवायचं. मशीन कसलं, लोखंडाचं धूड होतं ते! दोन माणसांना उचलताना घाम फुटायचा, पण तंबूचं जाड कापडसुद्धा ते गुणगुणत शिवायचं. पोटापाण्याची सगळी भिस्त त्याच्यावर.

"लोकांच्या पोरी घर मांडतात," आत्या म्हणायची, "आमची चाकांवर मांडतेय. बरोबर कोण आहे गं?"

"एकटीच."

दुकानातल्या मालकीणबाईंनी विचारलं, एकटीच. शेजाऱ्यांनी विचारलं, एकटीच. हा शब्द तिने इतक्या जणांच्या तोंडावर फेकला होता की आता कोणी वेळ विचारली असती तरी तोच बाहेर पडला असता.

फर्निचरचं दुकान त्या प्लायवाल्या तरुणाचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं होतं. पहिल्याच संध्याकाळी तो टेप घेऊन गाडीत चढला, डोकं छताला आपटलं, आणि म्हणाला, "झोपा."

"काय?!"

"न... नाही, म्हणजे माप! बिछान्याचं माप घ्यायचंय." कानाच्या पाळ्या लालबुंद.

ती पत्र्यावर आडवी झाली. त्याने तिच्या टाचांपासून डोक्यापर्यंत टेप सोडली, अगदी श्वास रोखून, कुठे धक्का लागू नये म्हणून. तिच्या केसांपाशी येऊन त्याचा हात क्षणभर थांबला... आणि टेप सर्रकन मागे पळाली.

"तुम्ही फारच छोट्या आहात हो."

"आणि तुम्ही फारच लांब! फुटपट्टी कुठली!"

झालं. त्या दिवसापासून तो फुटपट्टी.

मग रोज संध्याकाळी तेच. तो फळ्या तासायचा, ती दुकानाच्या पायरीवर बसून पडदे शिवायची आणि अखंड बडबडायची. तो कमी बोलायचा, पण बोलला की ती दात काढून हसायची. भुशाचा वास आता ब्रेडच्या वासात मिसळला होता, आणि घरी गेल्यावरही तो तिच्या ओढणीला यायचा. ओढणी धुवायची राहून जात होती. का राहत होती, हे आत्याला बरोबर कळलं होतं.

भिंतीत घडी होणारं टेबल त्याने केलं, ते तर बघत राहावं असं. एका बोटाने ओढलं की अलगद उघडायचं. वर कपाटांची रांग, आणि प्रत्येक दाराला खटका, म्हणजे वळणावर दार उघडून डबे डोक्यात पडायला नकोत.

छत गळतं का ते बघायचं होतं, तेव्हा तो आत बसला आणि ती बाहेरून पाइपने पाणी मारायला लागली.

"गळतंय का?"

"नाही!"

"आता?"

"थेंबसुद्धा नाही!"

"मग आता?" असं म्हणून तिने पाइप सरळ मागच्या उघड्या दारात धरला.

आतून जो आवाज आला त्याने समोरच्या झाडावरची कबुतरं उडाली. तो निथळत बाहेर आला, पाइप हिसकावून घेतला, आणि पुढची काही मिनिटं दोघं एवढ्या मोठ्याने हसत होते की त्याची वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, गिऱ्हाइकाला भिजवायची ही नवीन पद्धत का?"

"तिने सुरुवात केली!" तो म्हणाला. "तूच केलीस ना?"

'तू.' त्याच्या तोंडून निसटलं ते. पाइप नुसताच वाहत राहिला.

"हो," ती हळूच म्हणाली. "मीच केली... तू काय करणार आहेस?"

त्याने पाइप बंद केला, एवढंच. पण त्या दिवसानंतर 'अहो'जाहो संपलं ते संपलंच.

एकदा पडद्याची दोरी ओवताना तो आपणहून म्हणाला, "माझी कपाटं कुठे कुठे जातात गं. मी मात्र नाही गेलो कुठे."

ये ना मग, असं भिंगरीच्या अगदी ओठांवर आलं. पण सगळ्या जगाशी भांडून 'एकटीच' म्हणून झालेलं! आता कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने सुई तोंडात धरली आणि शब्द गिळला. आणि हिला एकटीलाच जायचंय, असं धरून चाललेला तो वेडा पुन्हा खिळे मोजायला लागला.

निघायच्या आदल्या आठवड्यात गाडी वजनकाट्यावर न्यायची होती. चालकासकट वजन ठरलेल्या मर्यादेत बसलं तरच पासिंग. सगळं सामान भरलं, मशीन चढवलं. निघाले तर एका कपाटाचा खटका सैल! प्रत्येक खड्ड्याला दार धाडधाड आपटायला लागलं.

"तू मागे जा आणि ते दार धर रे!" ती ओरडली. तो मागे गेला, तोंडात चार स्क्रू धरले आणि दाराशी झुंजत बसला.

काटेवाल्या काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडीत किती माणसं?"

"एकटीच!" ती ठसक्यात म्हणाली.

काकांनी आकडा सांगितला. जास्त. थोडंथोडकं नाही, चांगलं सत्तर-पंच्याहत्तर किलो जास्त.

परत येताना तिने एकही खड्डा चुकवला नाही. दुकानापाशी उतरून ती म्हणाली, "मशीन उतरवूया." आणि मग तिला रडूच फुटलं. मशीन नाही म्हणजे कमाई नाही, कमाई नाही म्हणजे रस्ता नाही. पुन्हा ती खिडकी, पुन्हा त्या बाह्या.

"आज नको उतरवू," तो म्हणाला. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी काम आटोपून ती आली, तर दुकानाबाहेर फळ्यांचा ढीग. टेबल. कपाटांची अख्खी रांग. तळाला बसवलेलं जाड प्लाय. सगळं त्याने दिवसभर बसून स्वतःच्या हातांनी उचकटलं होतं. आत मशीन मात्र जागेवर, पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं.

"अरे, हे काय केलंस! तुझं टेबल..."

"टेबल काय, परत होतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू जायला हवीस."

तेव्हा कळलं तिला. चांगलंच कळलं. एखादा माणूस आपल्याला थांबवत नाही, उलट आपल्या जाण्यासाठी स्वतःचं काम मोडतो, आणि त्याला सोडून आपण निघालोय! आनंद व्हायला हवा होता, आणि डोळे नुसते चुरचुरत होते.

पुन्हा वजनकाटा. धरायला आता एकही दार उरलं नव्हतं, त्यामुळे फुटपट्टी खाली उतरून काकांच्या केबिनपाशी उभा राहिला.

"गाडीत किती माणसं?"

"एकटीच," ती म्हणाली. या वेळी आवाजात ठसका नव्हता.

काकांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. "अहो, मर्यादेच्या खूपच खाली आहे की! अजून एक माणूस मावेल. घर उतरवलंत की काय सगळं?"

"असं कसं?" तो पुटपुटला. "मी तर नेमकं तेवढंच लाकूड काढलं, जेवढं जास्त..." आणि त्याने जीभ चावली.

भिंगरीनेही त्याच क्षणी त्याच्याकडे बघितलं.

"मागच्या वेळी तू—"

"मी आत होतो. दार धरून."

"आणि मी म्हटलं, एकटीच!"

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागली. हसता हसता पुरेवाट झाली, डोळ्यांतून पाणी आलं. शहाण्याने स्वतःच्याच वजनाएवढं लाकूड उचकटून ठेवलं होतं!

"म्हणजे काहीच जास्त नव्हतं रे! चल, परत बसव सगळं. तुझं ते टेबल..."

तो खिडकीशी आला. तोच काचेचा कठडा, तसाच वाकलेला तो.

"टेबल... नको बसवूया."

"का?"

"जागा राहील ना तेवढी." त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. "टेबलाऐवजी मी चालेन का? घडी नाही होत माझी, पण... मला तुझ्याबरोबर यायचंय. ब्रेड मागितला ना, त्या दिवसापासून यायचंय. वाटेत लोकांची दारं-कपाटं दुरुस्त करीन. मला तू आवडतेस गं, फार आवडतेस."

मागे एका ट्रकने भोंगा वाजवला. भिंगरीला काही तो ऐकू आला नाही.

"इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस, एकटीच."

"मी काहीही सांगते!" ती ओरडली. "मलाही आवडतोस तू. केव्हाचा! पण बिछाना? माझ्या मापाचा केलायस ना?"

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला. "तुझं माप घेतलं खरं... पण केला माझ्या मापाचा. उगीच. म्हटलं, असू दे."

"लबाड!"

"आधी आत्याला विचारावं लागेल."

"आत्या तर पहिल्या दिवसापासून विचारतेय, बरोबर कोण आहे म्हणून." तिने हात लांब करून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "बस आधी."

तो चढला. डोकं आपटलंच. ट्रकवाला आता भोंग्यावरून हात काढायला तयार नव्हता, पण भिंगरीने गाडी काट्यावरून हलवली नाही.

"काका, पुन्हा एकदा तोला!"

"आता पुन्हा कशाला?" काका वैतागले. "बरं, सांगा. गाडीत किती माणसं?"

तिच्या हातावर भुशाने खरखरीत झालेला एक हात अलगद येऊन बसला होता.

"दोन," भिंगरी म्हणाली. "दोन लिहा, काका."