घट्टियाजवळ आलेला फोन

ही घडलेली गोष्ट आहे. नावं बदललेली नाहीत, गावंही नाहीत. ज्याला खोटी वाटेल त्यानं उज्जैन–आगर रस्त्यावर, घट्टियाच्या अलीकडे, तो रस्त्याकडेचा कडुलिंब बघून यावा. अजून तिथेच आहे.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारचे पावणेतीन. डोक्यावर लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना हरभरा.

विलास बुलेट चालवत होता. मागे त्याची बायको, वासंती.

शर्टाच्या खिशात फोन थरथरला. त्यानं गाडी कडुलिंबाखाली घेतली. एक पाय टेकवला, हेल्मेट काढलं, फोन बघितला.

स्क्रीनवर नाव होतं...

वासंती.

त्याला हसू आलं. पर्समध्ये बटण दाबलं गेलं असेल.

"अगं, फोन बघ तुझा. मलाच लागलाय," तो मान न वळवता म्हणाला.

मागून उत्तर आलं नाही. मागच्या घोसला गावापासून ती एक शब्द बोलली नव्हती. रुसली होती.

फोन वाजतच राहिला. शेवटी त्यानं उचलला.

पुरुषाचा आवाज.

"भाईसाहब, आप इन मैडम के कौन हो? इनके फोन में सबसे ऊपर आपका नंबर था."

"पति हूँ. क्यों?"

"जल्दी आ जाओ. घोसला के आगे, गराडू वाले ठेले पे. मैडम को ट्रक ने..." तो माणूस थांबला. "बस, आप आ जाओ."

"गलत नंबर है, भैया. मैडम तो मेरे पीछे बैठी है."

पलीकडून फक्त गाड्यांचा आवाज, आणि कुणीतरी "चादर लाओ, चादर" म्हणत होतं.

आणि तेवढ्यात विलासच्या उजव्या खांद्यावर...

दोन थापा पडल्या.

हलक्या. नेहमीच्या.

म्हणजे, चला.

त्या दोन थापांचं आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

विलास बँकेत. वडील रेल्वेत बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. नानाखेड्याला घर. मुलगी केतकी इंदूरला नोकरीला. नवरा-बायकोला एकच नाद होता. रविवार आला की बुलेट काढायची आणि निघायचं. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. लांब जमलं नाही तर आगरच्या बैजनाथापर्यंत तरी. वासंती मागे बसून अख्खा रस्ता बोलत असायची. कुठल्या शेतात सरसों फुलली, कुठल्या ट्रकमागे काय लिहिलंय.

पण हेल्मेट घालून, इंजिनाच्या आवाजात तिचं सगळंच ऐकू यायचं नाही. म्हणून घरात पद्धत ठरलेली होती. मागचा नीट बसला की पुढच्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा. चला. वाटेत काही हवं असेल तर एक थाप. थांबा. केतकी लहानपणी टाकीवर बसायची, तेव्हापासून तिलाही हेच शिकवलेलं.

आणि विलासला एक खोड होती.

वासंती बसायला पाय उचलणार, तेवढ्यात तो गाडी चार पावलं पुढे न्यायचा. ती ओढणी सावरत धावायची. तो परत चार पावलं. टपरीवरची माणसं हसायची. विलासला ते हसणं आवडायचं.

"एक दिवस मी त्या चहावाल्याशीच लग्न करून टाकीन, बघा," ती धापा टाकत म्हणायची. "तो तरी बसवून घेईल."

"चहा कसा करतेस ते कळलं की तोही पळून जाईल," विलास म्हणायचा.

अठ्ठावीस वर्षं हाच खेळ. आधी स्कूटरवर, मग बुलेटवर. तिनं कितीदा तरी सांगितलं होतं, गुडघे दुखतात आता, नका करू. तो म्हणायचा, मस्ती आहे गं, त्यात काय.

त्या दुपारी दोघं बैजनाथाचं दर्शन घेऊन परत निघाले होते. घोसल्याच्या पुढे रस्त्याकडेला गराडूचा ठेला लागला. गराडू म्हणजे थंडीतला कंद, गरम तळलेला, वर मसाला, लिंबू. खाऊन झाले. वासंतीनं गळ्यात भैरवगढच्या छापाची लाल ओढणी घेतली होती, तिच्यावर तेल सांडलं. ती पुसत बसली. विलासनं गाडी सुरू केली.

ती आली. पाय उचलला.

विलास चार पावलं पुढे.

ठेल्यावरची पोरं हसली.

ती चालत आली. विलास परत पुढे. या वेळी जरा जास्तच.

"आता पुरे हं," ती मागून म्हणाली. हसली नाही.

तो थांबला. हेल्मेटची काच खाली केली. इंजिनाचा आवाज, हायवेचा आवाज. आणि मग...

मागचे शॉकअप दबले.

सीटवर ओळखीचं वजन आलं. खांद्यावर हात आला.

दोन थापा.

विलासनं गिअर टाकला आणि निघाला. मागे बघितलं नाही. अठ्ठावीस वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं.

बारा-तेरा किलोमीटर तो एकटाच बोलत होता. "रुसलीस का? बरं बाई, उद्यापासून बंद." मागून काही नाही. पण वळणावर वजन त्याच्याबरोबर झुकत होतं. खड्डा आला की खांद्यावरची बोटं घट्ट होत होती.

मग कडुलिंब आला आणि फोन आला.

फोन हातात धरून विलासनं आरशात बघितलं.

आरशात रस्ता होता.

नुसता रस्ता.

खांद्यावरचा हात मात्र तसाच होता.

त्यानं गाडी वळवली. मान वळवली नाही. तेरा किलोमीटर परत आला आणि तेरा किलोमीटर ते वजन मागे बसून होतं. एकदा त्यानं जोरात ब्रेक मारला. मागून ते अंगावर आलं, जसं बायकोचं अंग येतं, आणि परत सरळ बसलं.

ठेल्याजवळ गर्दी होती. रस्त्यावर चादर टाकलेली. चादरीखालून लाल ओढणीचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर तेलाचा डाग होता.

विलासनं गाडी थांबवली, तेव्हा मागचे शॉकअप...

हळूच वर आले.

कुणीतरी उतरलं होतं.

ठेलेवाला जवळ आला. त्याचे हात अजून मसाल्याचे होते.

"मैडम पीछे भागी थीं, बाऊजी. हाथ हिला रही थीं. आप तो निकल गए. वो बीच रोड तक चली गईं, पीछे से ट्रक..." मग तो खाली बघून म्हणाला, "हम सब हँस रहे थे. हमने सोचा मज़ाक चल रहा है."

विलासनं हे घरी कुणालाच सांगितलं नाही.

पोलिसांना सांगितलं, केतकीला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं: मी घट्टियाच्या बाजूला पेट्रोल भरायला पुढे गेलो होतो. ती म्हणाली, तोवर पलीकडून जामफळं घेते. रस्ता ओलांडायला गेली. तिलाच घाई.

लोकांना पटलं. तेराव्याला तिची सख्खी बहीण सुलू भांडी विसळत म्हणाली, "वासंती पहिल्यापासूनच अशी. पाहणं नाही, समजणं नाही, सुटली धावत. स्वतःच्या घाईनं गेली माझी बाई."

विलास शेजारी उभा होता. तो विसळलेली भांडी पुसत राहिला.

त्याआधी, दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले. एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, "कुछ इच्छा रह गई है. बोलो उनसे."

विलास हात जोडून म्हणाला, "केतकीला सांभाळीन."

कावळे बसून राहिले.

"तुझ्या आईला दर महिन्याला भेटून येईन."

बसून राहिले.

काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. शेजारी केतकी उभी होती, डोळे सुजलेले. त्यानं जोडलेले हात खाली घेतले. तासाभरानं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

बुलेट वर्षभर पोर्चमध्ये उभी राहिली. सगळ्या गाडीवर धूळ बसायची.

मागच्या सीटवर...

बसायची नाही.

वर्षश्राद्धाला केतकी आली. भैरवगढला सिद्धवटावर विधी होते. ती म्हणाली, "बाबा, बुलेटनंच जाऊ या. आईला आवडलं असतं."

जाताना काही झालं नाही. विधी उरकले. परत निघताना विलास गाडीवर बसला, गाडी सुरू केली. वजन आलं. दोन थापा पडल्या. त्यानं क्लच सोडला.

"बाबा!"

आवाज मागून, लांबून आला.

त्यानं ब्रेक दाबला आणि या वेळी मान वळवली. सीट रिकामी होती. केतकी वीस पावलं मागे, रस्त्यात, हेल्मेट अजून हातात. विटांची एक ट्रॉली तिच्या कोपरापासून हातभर अंतरावरून निघून गेली.

ती जवळ आली. रागात नव्हती. नीट बघत होती त्याच्याकडे.

"मी बसले कुठे होते अजून?"

विलासनं गाडी बंद केली.

"आईबरोबर करायचात तसं केलंत ना?" तिनं विचारलं. मग थांबून म्हणाली, "बाबा... त्या दिवशी पण केलं होतंत का?"

आता सांगता आलं असतं. तिनं स्वतः विचारलं होतं.

"नाही," विलास म्हणाला. "सांगितलं ना, जामफळं घ्यायला गेली होती."

केतकी त्याच्या समोर उभी होती. दोन्ही हात हेल्मेटच्या पट्ट्यावर.

आणि विलासच्या उजव्या खांद्यावर...

एकच थाप पडली.

त्या दिवसापासून विलासनं बुलेटला हात लावला नाही. विकायला काढली, तर केतकी म्हणाली, "विकता काय? आईची गाडी आहे ती." आणि इंदूरला घेऊन गेली. त्याला अडवता आलं नाही. अडवायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

आता ती दर रविवारी फिरते. मागे तिची मैत्रीण ऋता असते. दोन थापांची पद्धत केतकीनं तिलाही शिकवली आहे.

काल शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. हसत होती.

"बाबा, परवा गंमतच झाली. बायपासच्या पेट्रोल पंपावर मी ऋताला सोडूनच निघाले. ती बिचारी मागून धावतेय, ओरडतेय. पंपावरची माणसं हसतायत. मला वाटलं, बसलीये."

"तुला का वाटलं?" विलासनं विचारलं.

"तिनं थाप मारली ना. म्हणजे तसं वाटलं मला. आणि हो, मागचे शॉकअप दाखवले मिस्त्रीला. उगीच दबलेले वाटतात. तो म्हणतो, एकदम ओके आहेत."

"केतकी..."

"हं?"

"काही नाही. सावकाश चालव."

"उद्या मांडूला जातोय दोघी. ट्रकवाले फार असतात त्या रोडला, पण सकाळी सहालाच निघू. जेवलात का तुम्ही?"

"जेवलो," विलास म्हणाला.

आज रविवार आहे. पहाटेपासून तो फोन समोर ठेवून बसला आहे. सहा वाजून गेले, सात वाजले. आता साडेआठ होतायत. तिचा नंबर सगळ्यात वर आहे.

त्यानं अजून लावलेला नाही.