केशर फोमधला शेवटचा वाडगा

डिसेंबर असूनही त्या शनिवारी पाऊस पडत होता. आमच्या नगरच्या पावसाचं असंच आहे, बोलावलं की तोंड फिरवतो आणि कुणाच्या मनी-ध्यानी नसताना दारात उभा. साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटली. नागापूरच्या चौकात रिक्षा एक नाही, ओढणीतून पाणी गळतंय, आणि पोटात सकाळपासून फक्त दोन बिस्किटं.

समोर 'केशर फो'चं शटर अर्धं खाली आलेलं दिसलं. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, केशर कुल्फी मिळत असेल. नंतर वर्कशॉपमधल्या पोरांनी सांगितलं की तिथे व्हिएतनामी फो मिळतो — तांदळाच्या शेवया, कोंबडीचा रस्सा. एमआयडीसीत मशिनं बसवायला येणारे व्हिएतनामी लोकसुद्धा तिथेच जेवतात म्हणे. दुपारी बारापासून बाहेर रांग लागायची. टेबलं सहाच, त्यामुळे अनोळखी माणसांनीही एकत्र बसायचं, आणि पातेलं संपलं की दुकान बंद. ज्या गोष्टीचं सगळे एकसुरात कौतुक करतात तिच्यावर माझा मुळातच विश्वास बसत नाही, म्हणून मी कधी गेले नव्हते.

त्या दिवशी वाकून शटरखालून आत शिरले.

आत तिशीचा एक जण ॲप्रन बांधून उभा होता. "संपलं, मॅडम," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातल्या वाफाळत्या वाडग्याकडे बोट केलं. "मग हे काय आहे?"

"हे... माझं जेवण."

मी काहीच बोलले नाही. पण माझं पोट बोललं, आणि बऱ्यापैकी मोठ्यानं. त्याने हसू दाबलं, आतून दुसरा वाडगा आणला आणि स्वतःच्या जेवणाचे दोन भाग केले. शेवया, रस्सा, कोंबडीचे तुकडे, वरून पुदिना-कोथिंबीर. मी एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर मापंच घेते. माझा वाडगा चांगला दोन बोटं जास्त भरला होता, हे मी लगेच पाहिलं.

मग तो समोर बसला. टेबलावरच्या डब्यातून त्याने लाकडी काड्यांची एक जोडी आणि चमचा काढला, कागदाने नीट पुसला, आणि माझ्यासमोर ठेवला.

आता आमच्या खात्याचा नियम साधा आहे: जी वस्तू पुसावी लागते ती स्वच्छ नव्हती. मी उठले, काड्या आणि चमचा बेसिनवर नेला, साबण लावून धुतला आणि परत येऊन बसले. तो बघत होता. हसला नाही, पण त्याचे खांदे मात्र हलत होते.

रस्सा दिसायला अगदी पातळ, आजाऱ्याला द्यावा तसा. पहिला घोट घेतला आणि मी थांबले. दालचिनी होती, चक्रीफूल होतं, पण त्याच्याही खाली काहीतरी ओळखीचं होतं... आमच्या कोपरगावच्या घरी काळ्या मसाल्याच्या दिवशी अंगणात दरवळायचं, तेच.

"कांदा विस्तवात भाजलाय," मी म्हणाले.

त्याने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. दुकान उघडल्यापासून दीड वर्षात हे कुणीच ओळखलं नव्हतं म्हणे. त्याचं नाव कल्याण. मूळचा पाथर्डीकडचा, फिटर. कंपनीने त्याला चार वर्षं व्हिएतनामला पाठवलं होतं. तिथली घरमालकीण पहाटेपासून फो विकायची. पहिल्याच सकाळी त्याने तिला निखाऱ्यांवर कांदा आणि आलं काळं होईपर्यंत भाजताना पाहिलं, आणि परक्या देशात त्याला थेट आपली आई दिसली.

"मी तिथंच रडलो," तो म्हणाला.

"खरंच?"

"धूर होता हो."

पाऊस थांबला तरी मी निघाले नाही, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

मग दर शनिवारी साडेतीनला माझे पाय आपोआप तिकडे वळायला लागले. तोवर पातेलं संपलेलं असायचं आणि शेवटचा एक वाडगा झाकून ठेवलेला असायचा, दोघांत वाटून घ्यायला. दोन वाडगे ठेवायला काय हरकत होती? पण त्याने एकच ठेवला आणि मीही कधी दुसरा मागितला नाही. आत त्याची आई असायची — केशरबाई. बुटक्या पाटावर बसून दुसऱ्या दिवसाचे कांदे निवडणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. दुकानाला नाव त्यांचंच. मला त्या 'ताई' म्हणायच्या आणि वाडग्यात एक तुकडा जास्तीचा टाकून जायच्या.

चौथ्या शनिवारी मी त्याला विचारलं, पहिल्या दिवशी काड्या का पुसल्या होत्या.

तो जरा लाजला. "तिकडची पद्धत आहे. जेवायला बसलं की आधी आपल्या माणसाच्या काड्या पुसून द्यायच्या. मग स्वतःच्या."

माझे कान तापले. मी त्या साबणाने धुतल्या होत्या. "आणि मी पहिल्याच दिवशी आपलं माणूस झाले?"

"सवयीने हात गेला."

"मग आता का जात नाही?"

"तुम्ही धुऊनच घेता ना..." असं म्हणून तो वाडग्यात बघत बसला.

त्यानंतर मी किती वेळा काड्यांचा डबा त्याच्या हातापाशी सरकवला, त्याला गणती नाही. दातात काही अडकल्यासारखं करायचं, मोबाईल बघायचा, उगाच वेळ काढायचा. त्याची बोटं डब्यापर्यंत यायची आणि परत जायची. सत्तावीस वर्षांची, नाकासमोर चालणारी मी, कुणीतरी आपला चमचा पुसावा म्हणून झुरत होते. हसण्यासारखंच होतं, पण मला हसू येत नव्हतं.

फेब्रुवारीत आबांचा फोन आला. पुण्याचं स्थळ आहे, मुलगा इंजिनिअर, रविवारी पाहुणे येतील. त्या शनिवारी मी कल्याणला हे सांगितलं ते खरं तर त्याचा चेहरा बघण्यासाठी. बोलता बोलता आमच्या शेताचंही निघालं. गोदावरीच्या काठचा ऊस, विहिरीजवळचं चिंचेचं झाड.

"विहिरीवर पिवळी खोली आहे?" त्याने मधेच विचारलं.

"आहे. तुम्हाला काय माहीत?"

त्याने वाडगा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो. त्या चिंचेखाली आमची पाचटाची कोपी होती, एक अख्खा हंगाम. तुमच्या फडात माझे आई-वडील ऊस तोडत होते."

पुढच्या शनिवारी तो टेबलावर बसलाच नाही. पूर्ण भरलेला वाडगा माझ्यासमोर ठेवला, "मॅडम" म्हणाला आणि आत जाऊन भांडी घासायला लागला. रविवारचे पाहुणे मी ऑडिटचं कारण सांगून पंधरा दिवस पुढे ढकलले होते ते ह्याच्यासाठी, आणि हा आत पातेली वाजवत होता. मी वाडगा उचलून तशीच आत गेले. खरकट्याच्या टोपाशेजारी उभी राहून विचारलं, माझं काय चुकलं.

"तुमचं काही नाही." त्याने हात पुसले. "आणि मला लाज वाटते असंही नाही, नंदिनी."

इतक्या आठवड्यांत त्याने माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. ते ऐकून मला भांडायचं होतं तेच मी विसरले.

"आई आयुष्यभर मालकांच्या बांधावर खाली बसून जेवली. ही टेबलं आली तेव्हा मी सगळ्यात आधी तिला खुर्चीवर बसवलं. आता माझ्यापायी तिला पुन्हा कुणाच्या दारात खाली बसवायचं नाही. तुमचे वडील तिच्यासोबत एका टेबलावर जेवतील? एवढंच सांगा. मग मी काहीही करायला तयार आहे."

वर्कशॉपमध्ये मी पाच सेकंदांत पास-नापास सांगते. आबांचं माप मात्र मी कधी घेतलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी मी आबांना नगरला बोलावून घेतलं. आबा — राधाकृष्ण पाटील — पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, एसटीतून उतरले तेच कपाळाला आठ्या घेऊन. रिक्षात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मुलगा कोण, हॉटेल कसलं, त्याची आई आपल्या फडात कोयता चालवायची तेही. एका दमात सांगितलं, कारण मधे थांबले असते तर उरलेलं घशातच राहिलं असतं.  पत्रकार चौकापासून नागापूरपर्यंत आबा बाहेर बघत राहिले. आबांचा आरडाओरडा मला सवयीचा आहे, त्यांचं गप्प बसणं नाही.

त्या दिवशी शटरखालून वाकून आबा आत आले तेव्हा टेबलावर चार वाडगे मांडलेले होते. मी फोन करून कल्याणला सांगून ठेवलं होतं. आबांना पाहताच केशरबाई खुर्चीवरून उठल्या, पदर डोक्यावर घेतला, "मालक" म्हणाल्या आणि आत जाऊन पाटावर बसल्या.

कल्याणचा चेहरा उतरला. तो तसाच उभा. आबा बसले, मीही बसले. वाफ निघत होती आणि कुणीच हात लावत नव्हतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी डब्यातून काड्या काढल्या, कागदाने पुसल्या, चमचा पुसला, आणि कल्याणच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

"घान हायत का त्या?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. तिकडे आपल्या माणसाला अशा पुसून देतात." मी कल्याणकडे बोट केलं. "मी ह्यांना दिल्या. मला लग्न ह्यांच्याशी करायचंय."

कल्याणने खुर्चीची पाठ घट्ट धरली. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वाडगा जवळ ओढला, वास घेतला, चमचाभर रस्सा प्यायले. परत एकदा प्यायले. मग मान वळवून आत बघत म्हणाले,

"केशरबाई, उसाची ट्रॉली फसली हुती तवाचं आठवतंय का? लई थंडी हुती. तुमच्या कोपीवर मी भाकरी-कालवन खाल्लं हुतं."

"व्हय, मालक."

"ह्योच वास हुता. इस्तवातला कांदा." आबा जरा थांबले. "त्या सालात बायको माहेरी हुती, ही नंदू तापानं फनफनलेली. दोन दिस माज्या पोटात अन्न नव्हतं, अन् ते तुमी एकट्यांनी वळखलं. मला बसाया पोतं आंथरलं, अन् सवता उभ्या ऱ्हायल्या."

आतून बांगड्या तेवढ्या वाजल्या.

आबांनी डब्यातून एक चमचा काढला. कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाने त्यांनी तो आतून-बाहेरून पुसला आणि शेजारच्या खुर्चीसमोर ठेवला.

"आज तुमी बसा. गार व्हतंय. अन् ते मालक-बिलक म्हनू नका."

केशरबाई आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. "मग काय म्हनू?"

"ते ह्या दोगांना इचारा. त्येंनीच ठरवलेलं दिसतंय समदं."

केशरबाई येऊन बसल्या. आधी खुर्चीच्या कडेवर, मग हळूहळू पूर्ण. आबांनी काड्या दोन्ही मुठीत धरून शेवयांशी बराच वेळ झटापट केली, शेवटी हार मानून आत एखादी भाकरी आहे का ते विचारलं. केशरबाईंच्या डब्यात दोन बाजरीच्या होत्या. आबांनी त्या फोच्या रश्शात कुस्करल्या, काला केला आणि तोंडात घास असतानाच म्हणाले की पुण्याच्या पाहुण्यांना रात्री फोन करून नको म्हणून सांगावं लागेल. हनोईच्या कुणी ते पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं देव जाणे, पण कल्याण बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. ह्या वेळी धूर नव्हता.

तो माझ्यासमोर बसला. त्याच्या काड्या पुसलेल्या होत्या, माझ्या नव्हत्या. त्याने डबा जवळ घेतला, एक काडी पुसली, मग दुसरी, मग चमचा. सावकाश, जणू त्याला कुठलीच घाई नव्हती. त्या माझ्या वाडग्याशेजारी ठेवल्या आणि हात लगेच मागे घेतला नाही.

"धुऊन घ्यायच्या असतील," तो हळूच म्हणाला, "तर बेसिन तिथंच आहे..."

मी जागची उठले नाही. त्याच काड्या उचलल्या आणि जेवायला लागले.