सहाव्या खुर्चीची पाळी

विनेमक्का गावात, ब्रिज स्ट्रीटवरच्या पत्त्यांच्या खोलीत सकाळी नऊला डाव बसायचा आणि बाराला उठायचा. एकच टेबल, त्यावर झिजलेलं हिरवं बनातीचं कापड, भोवती आठ खुर्च्या. मागे कॉफीचं यंत्र गुरगुरत असायचं आणि समोरच्या मोठ्या खिडकीतून गाड्यांचं आवार आणि पलीकडचा हमरस्ता दिसायचा. लॉरेटा तिथे एकोणीस वर्षं पत्ते वाटत होती. पत्ते कुणीही आठवड्यात शिकतं, रीत शिकायला जन्म जातो, असं तिचं मत होतं, आणि नवख्या माणसाला ते ती पहिल्याच कपाबरोबर ऐकवत असे.

त्या मंगळवारी ट्रूडी केलर नावाची बाई आली. गावात येऊन तिला जेमतेम दोन आठवडे झाले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे हातात छोटी वही आणि वहीत खेळाचे नियम, खाली रेघा मारून. पैशांच्या बदल्यात चकत्या घेऊन ती टेबलाशी आली, सहाव्या खुर्चीपाशी क्षणभर थबकली, "उठू नका, मी इकडे बसते," म्हणाली आणि सातवीवर बसली. लॉरेटाला वाटलं, पाचव्या खुर्चीवरच्या डेलमर हॅस्किन्सला म्हणाली असेल. सहावी रिकामीच होती.

"बाई, दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा," लॉरेटा म्हणाली. "पत्ते टेबलाच्या वर उचलायचे नाहीत. डाव चालू असताना आपल्या हातात काय होतं ते बोलायचं नाही. आणि काही झालं तरी आपल्या आधीच्या माणसाचं झाल्याशिवाय आपण हलायचं नाही. पाळी मोडण्यासारखं पाप नाही."

"एक पाप आहे त्याहून मोठं," समोरून चार्ली इतुर्री म्हणाला. चार्लीच्या बापजाद्यांनी मेंढ्या राखल्या होत्या आणि त्याचा आवाज अजून डोंगरावरून हाका मारल्यासारखाच होता. "चार्लीकडून पैसे जिंकणं!"

सगळे हसले. टेबलावर आणखी दोघे होते, खाणीतून निवृत्त झालेले भाऊ. ते फारसे बोलत नसत, पण तेही हसले. डेलमर तेवढा हसला नाही. तो हसायचा थांबला त्याला दोन वर्षं झाली होती.

पहिला डाव वाटला. पाळी चार्लीकडून डेलमरकडे आली, डेलमरने बोटांनी टेबलावर टकटक करून पास दिला. आता पाळी ट्रूडीची. ती हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती.

"बाई, तुम्ही," लॉरेटा म्हणाली.

"हो का? माफ करा. मला वाटलं आधी यांची."

"कुणाची?"

ट्रूडीने मान किंचित उजवीकडे, सहाव्या खुर्चीकडे कलवली आणि लगेच पत्ते टाकले. चार्ली म्हणाला, "गणिताच्या बाई, पाचानंतर सहा येतात हे आम्हालाही माहीत आहे, पण खुर्चीला पत्ते देत नाहीत हो इथे!" तीसुद्धा हसली. नवखी माणसं गोंधळतात. लॉरेटाने मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या डावाला तेच झालं, तिसऱ्यालाही. दर वेळी डेलमरचं झालं की बाई दोन श्वास थांबे आणि मग खेळे. चुकत मात्र कुठेच नव्हती. पैसे बरोबर लावत होती, पत्ते झाकून ठेवत होती. कुठल्याही मास्तरणीला शोभेल अशी शिस्त होती तिची.

चौथ्या डावाच्या मध्ये तिने विचारलं, "अंगठीने टेबल वाजवलं तर तोही पासच धरायचा ना? बोटाऐवजी?"

लॉरेटाचा हात गड्डीवरच राहिला. "कोण वाजवतंय अंगठीनं?"

"हेच की. दोनदा वाजवतात. जाडजूड आहे, निळ्या खड्याची."

डेलमरने आपल्या पत्त्यांवर ठेवलेली चकती उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली.

निळ्या खड्याची अंगठी ऑटिस ब्रँडव्होल्डच्या बोटात असायची आणि ती त्याच्याबरोबर पुरली होती. ऑटिस सहाव्या खुर्चीवर बसायचा. तीस वर्षांची त्याची आणि डेलमरची दोस्ती. जनावरांचे बाजार, मासेमारी, बायकांची आजारपणं, सगळं दोघांनी एकत्र पार पाडलेलं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी ऑटिसने होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या पुढे सारल्या आणि आपले पत्ते उघडले. चांगला हात होता. डेलमरचा त्याहून भारी होता. अशा वेळी जिंकणाऱ्याने तत्क्षणी पत्ते उलटायचे, ही या खेळाची सगळ्यात जुनी रीत. हरणाऱ्याला खोटी आशा दाखवायची नाही.

डेलमरने ती मोडली. निव्वळ गंमत म्हणून. सुस्कारा टाकला. टोपी काढून मांडीवर ठेवली, टक्कल पुसलं, कॉफीचा घोट घेतला. ऑटिसचे हात चकत्यांपर्यंत पोचू दिले, आणि मग एकेक करून पत्ते उलटले. भाऊ हसले, चार्ली हसला. लॉरेटाही हसली, आणि हे ती विसरली नव्हती. कारण 'डेल, पत्ते दाखव' एवढं बोलणं तिचं कामच होतं.

ऑटिस उठला, एक अक्षर बोलला नाही. त्याच सकाळी पूर्वेच्या घाटात बर्फावर त्याची गाडी घसरली. डेलमर तेव्हापासून रोज येत होता आणि कुणी मागायच्या आधीच आपले पत्ते उलटत होता. त्याला ऑटिसकडून एक शब्द हवा होता, शिवी असती तरी चाललं असतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुढे वाट, लॉरेटा," डेलमर म्हणाला.

तिने पत्ते वाटले. पाच माणसांना पाचच हात. हे ती शपथेवर सांगेल. चार्ली आणि भाऊ डावातून लवकर बाहेर पडले. डेलमर आणि ट्रूडी उरले. मधली चकत्यांची रास वाढत गेली. शेवटी ट्रूडीने आपले पत्ते उघडले, दोन जोड्या. डेलमरने लगेच, घाईघाईने, तीन राजे दाखवले.

लॉरेटाने रास त्याच्याकडे सारायला हात पुढे केला.

"थांबा ना," ट्रूडी हळूच म्हणाली. "यांचे अजून दाखवायचे राहिलेत."

रिकाम्या खुर्चीला पत्ते नसतात. लॉरेटाने एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. नियम तिच्या बाजूने होता, तरी तिने हात मागे घेतला.

"असू दे, लॉरेटा," डेलमर म्हणाला. "त्याला वेळ घेऊ दे."

कॉफीचं यंत्र गुरगुरायचं थांबलं होतं.

"काय करतोय तो?" डेलमरने विचारलं. खुर्चीकडे तो बघत नव्हता.

ट्रूडी गोंधळली. आपली थट्टा चालली आहे असं तिला वाटलं असावं. "पत्ते बघताहेत. सुस्कारा टाकला आत्ता. टोपी काढून मांडीवर ठेवली."

चार्ली पुटपुटला, "बाईला कुणी सांगितलं?"

"टक्कल पुसताहेत," ट्रूडी म्हणाली. "पण यांना तर चांगले दाट केस आहेत."

"ते माझं टक्कल आहे," डेलमर म्हणाला. "माझी नक्कल करतोय. करू दे. माझं देणंच आहे ते."

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता. लॉरेटाला त्याची दया आली.

"आता?"

"हसताहेत."

"कसं?"

"चांगलं," ती म्हणाली. "घरच्या माणसाकडे बघून हसतात तसं."

ट्रूडीने पुन्हा शेजारी बघितलं.

"पत्ते टाकले त्यांनी," ट्रूडी म्हणाली. "न दाखवताच, उपडे पुढे सारले. म्हणजे काय हो?"

"म्हणजे डाव माझा," डेलमर म्हणाला. "म्हणजे त्यानं सोडलं."

त्याने तोंडावरून हात फिरवला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. लॉरेटाने रास त्याच्यापुढे सारली. त्याने राशीला हातही लावला नाही.

"उठले ते," ट्रूडी म्हणाली. "दाराशी थांबलेत. तुमचीच वाट बघताहेत बहुतेक."

डेलमर उठला.

"डेल, बस," लॉरेटा म्हणाली. "अरे, चकत्या तरी आवर."

"राहू देत गं." त्याने टोपी घातली. अगदी पूर्वीसारखा हसला. "मागच्या वेळी त्याला एकट्याला जाऊ दिलं मी."

त्याच्यामागे जायला हवं होतं. पण पत्ते हातात असताना टेबल सोडायचं नाही, हे एकोणीस वर्षं अंगात भिनलेलं. ती गड्डी धरून बसून राहिली आणि खिडकीतून बघत राहिली.

आवारात उन्हात डेलमरची पांढरी गाडी उभी होती. त्याने आधी उजवीकडचं, शेजारी बसणाऱ्याचं दार उघडलं, ते धरून थोडा वेळ थांबला, आणि हळूच लावलं. मग वळसा घालून आपल्या बाजूला गेला.

त्याचं घर पश्चिमेला. गाडी पूर्वेला, घाटाकडे वळली.

चालवणारा डावीकडे एकटाच बसला होता, आणि गाडी कलली होती उजवीकडे.