बेडकाच्या पाठीवरचं पाणी

१९९८च्या श्रावणातली गोष्ट. वाटूरच्या आमच्या मळ्यात, विहिरीच्या पायऱ्यांवर एक अनोळखी तरुण उकिडवा बसलेला दिसला. मला वाटलं, विहिरीवरची पाण्याची मोटार चोरायला आलाय. जवळ गेले, तर त्याच्या हातात बेडूक.

"खायला नेताव काय?"

तो दचकला. "आम्ही जैन हाव, बाई. घरात कांदासुद्धा येत न्हाई."

आई गेल्यापासून वर्षभरात मी पहिल्यांदा हसले.

त्याचं नाव भागचंद. जालन्याचा, औरंगाबादला संशोधन करणारा. बेडूक घाणीत राहतो, तरी त्याची जखम सहसा चिघळत नाही. त्याच्या कातडीतून प्रथिनांचे बारीक तुकडे पाझरतात, जंतूंचं आवरण फोडतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. तेच कॅन्सरच्या पेशी फोडतील का, हे त्याला पाहायचं होतं. तो अंगठ्यानं बेडकाची पाठ हळूच चोळायचा, वरून शुद्ध पाणी सोडून बाटलीत धरायचा, आणि बेडूक ज्या पायरीवरून उचलला त्याच पायरीवर ठेवायचा.

"दुसरीवर ठेवला तर?"

"त्याला घर सापडलं न्हाई तर पाप मला लागंल."

दर रविवारी तो यायला लागला. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. बोटाला बोट लागलं की दोघंही पाण्याकडे बघायचो... माझे वडील, दादा, विचारायचे, विहिरीत बेडूक तरी किती हायेत?

एकदा धीर करून मी विचारलं, "हे औषध आधी निघालं असतं, तर माझी आई वाचली असती?"

तिला कॅन्सर होता. शेवटच्या दिवसापर्यंत सगळे मला 'बरी होईल' सांगत राहिले होते. यानंही तसंच गोड उत्तर दिलं असतं, तर मी पुन्हा विहिरीकडे फिरकले नसते.

त्यानं हातातली बाटली पायरीवर ठेवली. "माहीत न्हाई. काचेच्या बशीत पेशी मरतात. माणसात... वीस वर्षं लागतील. कदाचित कधीच न्हाई."

मी रडले. पण किती मोकळं वाटलं.

पोळ्यानंतरच्या रविवारी त्याच्याजवळ बाटल्याच नव्हत्या.

"नमुने पंधरा दिवसांपूर्वीच पुरे झालेत," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी येऊन राह्यलो, शिवकन्या."

"आणि तुमच्या घरी?"

"आई रडंल. बाबूजी दोन महिने बोलणार न्हाईत. मंग बोलतील."

तेवढ्यात फाट्यावर पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो उठला.

"जाऊ द्या ती," मी म्हणाले. "सहाला दुसरी हाय."

सहाला गाडी नव्हती. ते त्यालाही माहीत होतं... तो खाली बसला.