उलटा टाका

त्या शुक्रवारी दुपारी मी घरातून निघाले ती फक्त दोरा आणायला. दाराला कुलूप घातलं, किल्ली झग्याच्या डाव्या खिशात टाकली, सवयीने वरून एकदा चाचपली आणि दुकान गाठलं. तिथेच नर्सवहिनी धापा टाकत आली.

"मावशी गेली," ती म्हणाली. "खुर्चीत बसल्या बसल्या."

मावशी म्हणजे आमच्या शिवणाऱ्या बायकांची म्होरकी. आमची यहुदी वस्ती जेमतेम चाळीस घरांची. कुणी गेलं की त्याचं कफन आम्ही पाचजणी प्रार्थनाघरामागच्या खोलीत बसून हाताने शिवतो. कारखानदार असो की हमाल, कापड तेच. नियम दोनच: दोऱ्याला गाठ मारायची नाही आणि खिसा ठेवायचा नाही. कफनाला खिसा नसतो असं सगळेच म्हणतात, आम्ही ते शिवून दाखवतो.

मावशी डावरी. तिचा टाका उलटीकडे कललेला, शंभरात ओळखू यावा असा. जीभही तशीच तिरकी. मला नेहमी म्हणायची, "तुझं माप डोळ्यांनीच घेऊन ठेवलंय गं, तू काळजी करू नकोस." मी हसायचे. दुसरं काय करणार?

कपाटात दोन कफनं कायम तयार असायची. पण आदल्याच आठवड्यात नदीपलीकडच्या आपल्या लोकांत दोघं एकदम गेले, तेव्हा मावशीने दोन्ही देऊन टाकली. "आपल्याला कुठे घाई आहे?" म्हणाली. आणि आता तिलाच कफन नव्हतं. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, आमचा विसाव्याचा दिवस; त्यात कसलंच काम चालत नाही, मग दफन थेट रविवारी. जिने चाळीस वर्षांत कुणाला एक रात्र ताटकळू दिलं नाही, ती दोन रात्री पडून राहणार? ते मला सहन होईना.

हातात साडेतीन तास होते. शिवायला मी, नर्सवहिनी, मास्तरीणबाई आणि बेकरीवाली काकू. काकूने भट्टी तशीच सोडली होती, कोपरापर्यंत पीठ होतं. शेजारच्या खोलीत दोघीजणी मावशीला आंघोळ घालत होत्या, तिथून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. पुरुष कबर खणायला गेले होते. अख्खी वस्ती कामाला लागली होती. खरं सांगते, रडायला फुरसतच नव्हती. हात असे चालत होते की अंगात झिंग चढली.

माझ्या डावीकडची खुर्ची मावशीची. तिथे कुणी बसलं नाही.

कफनाची टोपी झाली, पायजमा झाला. अंगरखा मात्र संपेना. ऊन खिडकीतून सरकत समोरच्या भिंतीवर चढलं.

"होत नाही गं हे," मास्तरीणबाई म्हणाली.

आणि घाईघाईत मी घोटाळा केला. बाहीच्या शिवणीला गाठ मारली. रोजची सवय, दुसरं काय! लपवावं असंही क्षणभर वाटलं. पण तिच्या कफनात खोट? जीभ रेटून मी म्हणाले, "माझ्याकडून गाठ पडली."

सगळ्यांचे हात थांबले. वहिनीने बाही उजेडात धरली, उलटून पाहिली.

"कुठाय गाठ?"

गाठ नव्हती. उलट जिथे माझी सुई पोचलीच नव्हती, तिथे वीतभर शिवण पुढे गेली होती. बारीक टाके. उलटीकडे कललेले.

पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"ती... बसलीये का?" काकू कुजबुजली.

खुर्चीकडे कुणी पाहिलं नाही. मास्तरीणबाईने सुई उचलली. "शिवा. तिला उशीर होतोय."

मग आम्ही जे शिवलं, तसं जन्मात शिवलं नव्हतं. कापड डावीकडे हळूच ओढलं जायचं, सैल व्हायचं, पुन्हा ओढलं जायचं. भीती होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीहून आनंद मोठा होता. आम्ही पुन्हा पाचजणी झालो होतो. माझ्या झग्यालाही डाव्या अंगाला मधूनमधून ओढ बसत होती. दोरा अडकत असेल म्हणून मी खाली पाहिलंच नाही.

ऊन छताला टेकायच्या आत अंगरखा झाला. दफनाला झाडून सगळी वस्ती आली. फावडं या हातातून त्या हातात जात राहिलं आणि मातीचा शेवटचा ढीग संपला तेव्हा सूर्य अजून चार बोटं वर होता. वहिनीने माझा हात घट्ट दाबला. "गाठलं गं आपण," ती म्हणाली.

मी जवळजवळ धावतच घरी आले. हसू येत होतं, डोळेही वाहत होते. दारात उभी राहून किल्लीसाठी डाव्या खिशात हात घातला.

हात आत जाईना.

किल्ली वरून हाताला लागत होती. खिशाला तोंडच नव्हतं. बारीक टाक्यांनी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवलं होतं, सगळे टाके उलटीकडे कललेले. मी दोऱ्याचं टोक शोधलं. गाठ नव्हती.

समोरच्या घराच्या खिडकीत शब्बाथचे दिवे लागले होते. आता उद्या अंधार पडेपर्यंत टाका उसवायचा नाही. मी दाराला टेकून उभी राहिले, माझ्याभोवती कुणीच नव्हतं, आणि झग्याला डाव्या अंगाने अजूनही हळूच ओढ बसत होती... आता खिशापाशी नाही, बाहीपाशी.