मोरीनचं कुंकू

दुपारी दोनला आमच्याकडे सिनेमा लागतो. रोज तोच. लायब्ररीने काढून टाकलेल्या डीव्हीडींच्या ढिगातून वीणाने स्वतः उचललेला, कृष्णधवल, युद्धाच्या काळातला. मोरीन नावाची एक आयरिश पोरगी. इंग्रजांवर तिचा जुना दात. फरारी भावाची गुप्त चिठ्ठी कोटाच्या अस्तरात शिवून ती घर सोडते, वाटेत नेमकी एका इंग्रज कॅप्टनच्याच प्रेमात पडते, आणि देश की माणूस या पेचात सत्त्याण्णव मिनिटं पळत राहते. पहिल्या आठवड्यात मला गोष्ट आवडली, दुसऱ्यात संवाद पाठ झाले, तिसऱ्यापासून मी पेपर घेऊन बसू लागलो.

मी शशिकांत. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला, छत्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासले. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही. वीणा माझी बायको. दोन वर्षांपासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटते आहे. आधी गॅस बंद करणं, मग रस्ते, मग शेजारी. तीन आठवड्यांपूर्वी तिने मला विचारलं, "काका, तुम्ही चहा घेणार का?" लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाल्यावर. मी हो म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो.

हे मी अंतराला सांगितलं नाही. अंतरा आमची लेक, दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला असते. तिचं माझं ठरलं होतं, की ज्या दिवशी आई बाबांना ओळखेनाशी होईल, त्या दिवशी तिला केअर सेंटरमध्ये ठेवायचं. नोकरीत एका रिपोर्टात कधी खोटा आकडा लिहिला नाही, आणि आता रोज फोनवर लेकीला धडधडीत थापा मारत होतो.

एका मंगळवारी मोरीन घराचा उंबरठा ओलांडत असताना वीणा उठली, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि टीव्हीवर मोरीनच्या कपाळाला तिने बोट टेकवलं.

"अगं, हे काय?"

"पोर घरातून निघालीये काका. तशीच कशी जाऊ द्यायची?"

मी ओल्या फडक्याने टीव्ही पुसला. फडक्याला लाल डाग लागला, काच स्वच्छ झाली. पुढे आगगाडीच्या डब्यात मोरीन बसलेली दिसली, तेव्हा तिच्या कपाळावर काळा ठिपका होता. मी चष्मा पुसून जवळ गेलो. काचेवरचा डाग असता तर जागच्या जागी राहिला असता. मोरीनने खिडकीकडे मान वळवली, तसा ठिपकाही वळला.

शनिवारी अंतरा आली. मी सिनेमा थांबवून तिला ठिपका दाखवला.

"ब्यूटी मार्क आहे बाबा, तीळ." तिने फोनवर शोधलं. "हे बघा, पोस्टरवर पण आहे. सगळ्या फोटोंत आहे. तुम्ही नीट झोपता ना?"

हल्ली आईकडे बघते तशी ती माझ्याकडे बघत होती. जेवताना वीणा तिला म्हणाली, "या काकांना भात वाढ ना, लाजतायत ते." अंतराने डाव खाली ठेवला.

"कधीपासून?"

मी सांगितलं.

"केअर सेंटरची सोमवारची अपॉइंटमेंट घेते," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, म्हणून मला भांडता आलं नाही.

रविवारी दुपारी अंतरा आईसाठी नवे कपडे आणायला गेली. बाहेर बर्फ वितळून पन्हाळीतून टपटपत होता. मी सिनेमा लावला आणि घड्याळ हातात घेऊन वीणाशेजारी बसलो. शेवटची दुपार, मनात दुसरं काही नव्हतं. सत्त्याण्णवाव्या मिनिटाला मोरीनची नाव धुक्यात शिरली. इथे संपतो सिनेमा.

संपला नाही.

एक स्वयंपाकघर दिसलं. चुलीशी मोरीन, तिच्याजवळ पाठमोरी एक म्हातारी. अंगात गाउन, वर स्वेटर. इंग्रज शिपाई खोल्या धुंडाळत होते. अधिकाऱ्याने मोरीनपुढे तिच्या भावाचा फोटो धरला. तिने शांतपणे मान हलवली. ओळखत नाही.

मग त्याने दुसरा फोटो काढून म्हातारीला दिला.

चष्मा नसला की वीणा कागद हात लांब करून बघते. म्हातारीने तसाच धरला, म्हणून मला दिसला. मी होतो. मिशी होती तेव्हाचा.

"नो, सर," म्हातारी म्हणाली. "आय डोन्ट नो धिस मॅन."

आवाज वीणाचा होता. शेजारी बसलेल्या वीणाचे ओठ मिटलेले होते.

अधिकाऱ्याने तिच्या खांद्यावरून सरळ आमच्या हॉलमध्ये पाहिलं. पडदा काळा झाला. घड्याळात एकशे चार मिनिटं.

"वीणा," मी म्हणालो. "मी कोण? सांग ना. खरं सांग."

तिने माझा हात घट्ट धरला. इतका जोर तिच्यात कित्येक महिने नव्हता. तोंड माझ्या कानाशी आणून ती कुजबुजली.

"अहो, हळू बोला. अजून गेले नाहीत ते."

अहो म्हणाली. त्या भीतीतही मला इतका आनंद झाला, की तिचं पुढचं वाक्य मला उशिरा कळलं.

खाली बेसमेंटमध्ये कोणीतरी आमची कपाटं एकेक करून उघडत होतं.