ग्रहणानंतरची कोरी वही

अंतरा जिना चढून आली तेव्हा मालविकाताईंचा मदतनीस विश्वेश गुडघ्यांना तेल चोळत होता. आता पुन्हा पायऱ्या उतरायच्या, हे त्याला न सांगता कळले. चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या ताईंचे सगळे अशील घाटाच्या तळाशीच राहत असावेत.

अंतरा गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरच्या उपाध्यांच्या संस्थेत कामाला होती. यजमानांच्या वंशावळी तिनेच संगणकावर चढवल्या होत्या. काल ग्रहण सुटल्यावर यंत्र चालू केले, तर त्यातली वंशावळींची वही कोरी. तिने हाताने प्रोग्राम पुन्हा चालवला, तर सगळी नावे हजर. संस्थेच्या प्रमुख श्रीरामगुरुजींनी विश्वस्तांच्या भर बैठकीत ठरवून टाकले, की पोरीने स्वतःचा भाव वाढवायला नावे दडवली. आज संध्याकाळपर्यंत तिने किल्ल्या देऊन काम सोडायचे होते.

ताई, विश्वेश आणि अंतरा घाटावर उतरले. गुरुजींनी सांगितले, यंत्र अखंड चालते. बंद होते ते फक्त ग्रहणाचे वेध लागले की.

मग संस्थेचे यंत्र सांभाळणारा निनाद. यंत्राबरोबर प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा म्हणून त्याने दिवाळीत एक फाइल लिहिली होती. तपासली होती ना? अलबत. अंतराच्या खुर्चीत बसून, तिच्याच लॉगिनमधून.

"वह्यांच्या फोल्डरचा पत्ता भी लिखा है, ताई. ही ओळ बघा."

"पत्ता मिळाला नाही तर प्रोग्राम काय करतो?"

"नवीन वही उघडतो. कोरी."

ताईंनी अंतराच्या लॉगिनची फाइल उघडायला लावली. तिथेही तीच ओळ होती, फक्त आधी 'एक्स्पोर्ट' हा शब्द. विश्वेशला दोन्ही ओळी सारख्याच कंटाळवाण्या वाटल्या.

"चोरी झालेलीच नाही," ताई दमल्या आवाजात म्हणाल्या. "निनादने पत्ता लिहिला, पण एक्स्पोर्ट केला नाही. असा पत्ता फाइलीपाशीच राहतो, फाइलीने सुरू केलेल्या प्रोग्रामच्या हाती पडत नाही. म्हणून कोरी वही."

"पण दिवाळीत चालला होता ना!" निनाद म्हणाला.

"अंतराच्या लॉगिनमध्ये. तिथे पत्ता आधीच एक्स्पोर्ट झालेला असतो. काल तिने हाताने चालवला तेव्हाही तोच कामी आला. आणि दिवाळीपासून कालच्या ग्रहणापर्यंत यंत्र बंदच झाले नव्हते, मग तुझी चूक दिसणार कधी?"

निनादने आपल्या फाइलीत तो शब्द घातला, यंत्र बंद करून चालू केले. कुणी हात लावला नाही, नावे आली.

गुरुजी खाकरले. "बरं. उद्यापासून ये हो, अंतरा."

"येईन, गुरुजी. पण चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर. शब्द परतही तिथेच घ्या."

गुरुजींनी फोन उचलून गंगेपलीकडच्या रामनगरच्या विश्वस्तांना संध्याकाळी होडीने यायला सांगितले, कारण मात्र सांगितले नाही. अंतरा कारण ऐकायची वाट पाहत उभीच राहिली.